भक्कम घराचा भरवसा

अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील गॅल्व्हेस्टन शहरात, समुद्रापासून काही गल्ल्या आत, डॉ. आयझॅक क्लाइन यांचे दुमजली लाकडी घर होते. खांबांवर उचललेले, दणकट बांध्याचे. घराचे मालक सरकारी हवामान खात्याच्या गॅल्व्हेस्टन कार्यालयाचे प्रमुख, त्यामुळे वादळाचा विचार करून बांधलेले घर असा त्याचा परिसरात लौकिक होता. शनिवार, ८ सप्टेंबर १९०० रोजी दुपारी रस्त्यांवर पाणी चढू लागले, तेव्हा शेजारपाजारची कुटुंबे मुलाबाळांसह याच घराच्या पायऱ्या चढली. अंधार पडेपर्यंत तिथे सुमारे ५० माणसे जमली होती. त्यांपैकी १८ वाचली.

चक्रीवादळ येते आहे असे कळल्यावर घरात थांबायचे की घर सोडायचे, हा प्रश्न किनाऱ्यावरच्या प्रत्येक कुटुंबाला पडतो. क्लाइन यांच्याइतकी माहिती हाताशी असलेला माणूस त्या दिवशी गॅल्व्हेस्टनमध्ये दुसरा नव्हता. तरीही ते घरात थांबले. त्यांच्या आयुष्याचे पुढचे अर्धशतक या एका निर्णयाच्या सावलीत गेले, आणि वादळाच्या शास्त्रात त्यांनी जी भर घातली तिचे मूळही याच रात्रीत आहे.

आयझॅक मनरो क्लाइन यांचा जन्म १३ ऑक्टोबर १८६१ रोजी टेनेसी राज्यातल्या एका शेतकरी कुटुंबात झाला. तरुणपणी धर्मोपदेशक व्हावे असे त्यांच्या मनात होते, मग वकिली करावी असे वाटले. शेवटी १८८२ मध्ये ते लष्कराच्या सिग्नल कोअरमध्ये दाखल झाले. त्या काळी अमेरिकेत हवामानाच्या नोंदी ठेवण्याचे काम याच विभागाकडे होते. प्रशिक्षण संपल्यावर त्यांची नेमणूक आर्कान्सॉ राज्यातील लिटल रॉक येथे झाली. पिके फस्त करणाऱ्या टोळांचा हवामानाशी काय संबंध आहे, हेही त्यांनी तिथे अभ्यासावे अशी अपेक्षा होती. पण ते पोहोचेपर्यंत टोळांचा उपद्रव ओसरला होता. हातात मोकळा वेळ होता. रिकामे बसणे त्यांच्या स्वभावात नव्हते. त्यांनी तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयात नाव घातले आणि १८८५ मध्ये ते डॉक्टर झाले.

हवामान खात्यातल्या माणसाने वैद्यक शिकणे आज चमत्कारिक वाटेल. तेव्हा ते तसे नव्हते. दमट हवा, उष्मा, वाऱ्याची दिशा यांचा रोगांशी थेट संबंध असतो अशी त्या काळच्या डॉक्टरांची समजूत होती. मलेरिया या शब्दाचा अर्थच मुळी वाईट हवा. डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत सापडला तो १८९७ मध्ये, म्हणजे क्लाइन डॉक्टर झाल्यानंतर १२ वर्षांनी. हवेचा शरीरावर काय परिणाम होतो, या विषयाला तेव्हा वैद्यकीय हवामानशास्त्र म्हणत, आणि क्लाइन यांना त्याचे वेड होते. पुढे गॅल्व्हेस्टनच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी हाच विषय शिकवला. त्यातले पुष्कळसे आता कालबाह्य झाले आहे. नोंद ठेवण्याची, आकड्यावर विश्वास ठेवण्याची सवय मात्र त्यांना इथेच लागली असावी.

पश्चिम टेक्सासमध्ये काही वर्षे काढल्यावर १८८९ मध्ये ते गॅल्व्हेस्टनला आले. तोपर्यंत कोरा या तरुणीशी त्यांचे लग्न झाले होते. काही वर्षांनी धाकटा भाऊ जोसेफही हवामान खात्यात लागला आणि त्यांच्याच घरी राहू लागला. ऑफिसात आणि घरात, दोन्हीकडे दोघे भाऊ बरोबर असत.

गॅल्व्हेस्टन हे मेक्सिकोच्या आखातातले एक लांबट, वाळूचे बेट. कापसाच्या निर्यातीवर ते श्रीमंत झाले होते. १९०० च्या जनगणनेत लोकसंख्या ३७,७८९ भरली. मोठाले बंगले, विजेवरच्या ट्रामगाड्या, समुद्रात खांबांवर उभारलेली स्नानगृहे, सगळी ऐट होती. मात्र शहरातली सगळ्यांत उंच जागा समुद्रसपाटीपासून अवघ्या ८.७ फुटांवर होती. बाकीचे शहर त्याहून खाली.

धोका लोकांना अगदीच ठाऊक नव्हता असे नाही. त्याच किनाऱ्यावर नैर्ऋत्येला इंडियानोला नावाचे भरभराटीचे बंदर होते. १८७५ मध्ये चक्रीवादळाने ते उद्ध्वस्त केले, लोकांनी पुन्हा उभारले, आणि १८८६ मध्ये दुसऱ्या वादळाने ते कायमचे पुसले. त्यानंतर गॅल्व्हेस्टनला समुद्रभिंत बांधावी अशी चर्चा निघाली आणि खर्चाच्या विचाराने विरली. याच वातावरणात जुलै १८९१ मध्ये क्लाइन यांनी स्थानिक वृत्तपत्रात एक लेख लिहिला. वेस्ट इंडिजकडून येणारी वादळे सहसा टेक्सासकडे वळत नाहीत, किनाऱ्याजवळचा तळ उथळ असल्याने मोठ्या लाटा तिथवर येताना मोडतात, आणि पाणी चढलेच तर बेटाच्या मागच्या मुख्य भूमीवरच्या सखल मैदानात पसरेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. गॅल्व्हेस्टनला वादळाने मोठे नुकसान होईल ही कल्पना त्यांनी हास्यास्पद ठरवली.

लेखातला प्रत्येक मुद्दा ऐकायला पटण्याजोगा होता. उथळ किनाऱ्याचा मुद्दा तर नेमका उलटा निघाला. चक्रीवादळाचा वारा समुद्राचा पृष्ठभाग तासन् तास एकाच दिशेने ढकलत असतो. समुद्र खोल असेल तर ढकललेले पाणी खालून परत फिरते. तळ उथळ आणि हळूहळू चढत जाणारा असेल तर परतीला जागाच राहत नाही, आणि पाण्याचा फुगवटा किनाऱ्यावर चढतो. यालाच वादळी उधाण म्हणतात. वादळाच्या केंद्रात हवेचा दाब कमी असल्यानेही पाणी वर येते, पण ते थोडे. दाब एक मिलिबारने उतरला तर पाणी साधारण एक सेंटिमीटर चढते. खरा जोर वाऱ्याचा. बंगालच्या उपसागराचे उत्तर टोक असेच उथळ आहे, म्हणून बांगलादेश आणि ओडिशाच्या किनाऱ्यांनी वादळी उधाणात इतकी माणसे गमावली. उथळपणा क्लाइन यांना ढाल वाटला होता. तो उतरणीसारखा होता, ज्यावरून समुद्र शहरात चढून येणार होता.

ऑगस्ट १९०० च्या अखेरीस अटलांटिकमध्ये एक वादळ दिसू लागले. सप्टेंबरच्या सुरुवातीला ते क्युबावरून गेले. हवानाच्या बेलेन वेधशाळेतल्या जेझुइट धर्मगुरूंना चक्रीवादळांचा अनेक वर्षांचा अनुभव होता. हे वादळ आखातात शिरून टेक्सासकडे जाईल असे त्यांचे मत होते. वॉशिंग्टनच्या हवामान खात्याला मात्र ते उत्तरेकडे वळून फ्लोरिडावरून अटलांटिकमध्ये परत जाईल असे वाटत होते. क्युबातल्या लोकांच्या अंदाजांना हे खाते किंमत देत नव्हते, इतके की त्यांच्या हवामानाच्या तारांवर त्याच मोसमात बंदी घातली गेली होती. कोण सांगतो यावरून अंदाजाची किंमत ठरवण्याचा रोग वैद्यकातही आहे. शुक्रवार, ७ सप्टेंबरला वॉशिंग्टनहून गॅल्व्हेस्टनला वादळाचा बावटा लावण्याचा हुकूम आला. येणारे वादळ किती मोठे आहे याची त्यात कल्पना नव्हती.

शनिवारी पहाटे जोसेफने भावाला उठवले. समुद्राचे पाणी आत येऊ लागले आहे असे त्याला जाणवत होते. क्लाइन किनाऱ्यावर गेले, घड्याळ हातात धरून लाटांमधले अंतर मोजले. दमदार, लांब पल्ल्याच्या लाटा आग्नेयेकडून येत होत्या. वारा मात्र उत्तरेकडून, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहत होता. वाऱ्याने पाणी मागे लोटायला हवे होते, आणि तरी ते सखल गल्ल्यांमध्ये शिरत होते. वाऱ्याच्या विरोधात चढणारे असे पाणी या किनाऱ्यावर पूर्वी पाहिलेले नाही, अशी तार त्यांनी वॉशिंग्टनला केली. वायुभारमापक तेव्हा फारसा उतरलेला नव्हता. आकाशही भीतिदायक नव्हते. धोक्याची खूण फक्त पाण्यात होती, आणि ती त्यांनी ओळखली, हे त्यांच्या पदरी टाकलेच पाहिजे.

त्यानंतर काय केले, याबद्दल त्यांचे सांगणे असे, की घोडागाडी घेऊन ते किनाऱ्याने फिरले, पर्यटकांना घरी परतायला आणि किनाऱ्यालगतच्या रहिवाशांना उंच भागात जायला सांगितले, आणि त्यामुळे हजारो माणसे वाचली. नंतरच्या अभ्यासकांनी यावर शंका घेतली आहे, कारण त्यांना असे फिरताना पाहिल्याचे सांगणारे फारसे कोणी सापडत नाही. खरे दोहोंच्या मध्ये कुठेतरी असावे. काही लोकांना त्यांनी नक्कीच सावध केले. पण पुष्कळ लोक दुपारपर्यंत लाटा पाहायला किनाऱ्यावर जमत होते, मुले साचलेल्या पाण्यात खेळत होती, आणि स्वतः क्लाइन यांचे कुटुंब किनाऱ्याजवळच्या घरातच होते.

दुपारपर्यंत बेटाला मुख्य भूमीशी जोडणारे पूल पाण्याखाली गेले. निघून जाण्याची वेळ संपली होती, आणि ती संपल्याचे बहुतेकांना कळलेही नव्हते. चक्रीवादळात हे नेहमी होते. घर सोडण्याचा निर्णय शेवटच्या क्षणापर्यंत हातात आहे असे वाटते. प्रत्यक्षात वारा आणि पाणी तो निर्णय कित्येक तास आधीच काढून घेतात.

साडेतीनच्या सुमारास क्लाइन यांनी शेवटचा संदेश तयार केला. शहर पाण्याखाली जात आहे आणि मोठी प्राणहानी होणार आहे, असा त्याचा आशय होता. तारा तुटल्या होत्या. जोसेफने पाण्यातून वाट काढत टेलिफोनवरून तो कसाबसा ह्यूस्टनला पोहोचवला, आणि मग ती लाइनही गेली. क्लाइन पाण्यातून चालत घरी निघाले. पाणी ठिकठिकाणी कमरेच्या वर होते. आगीच्या भीतीपोटी शहरातल्या छपरांवर स्लेटच्या दगडी पाट्या बसवल्या होत्या. त्या आता वाऱ्याने सुटून पात्यांसारख्या उडत होत्या आणि माणसे मारत होत्या.

घरी कोरा आजारी होती. ती गरोदर होती आणि अंथरुणावर होती. ॲली मे, रोझमेरी आणि एस्थर या तिघी मुली घरात होत्या. थोरली १२ वर्षांची, धाकटी ६. क्लाइन यांनी आसपासच्या कच्च्या घरांतल्या लोकांना आत घ्यायला सुरुवात केली. साडेसहाच्या सुमारास जोसेफ गळ्याइतक्या पाण्यातून पोहोचला. वायुभारमापक खाली कोसळला आहे, सगळ्यांनी शहराच्या मध्यभागी उंच जागेकडे जायला हवे, असे त्याचे म्हणणे होते. भावाला ते पटले नाही. रस्त्यावर छपरे आणि तुळया कागदासारख्या उडत होत्या. त्यातून आजारी पत्नीला आणि मुलींना न्यायचे म्हणजे आत्महत्याच. घर टिकेल.

त्या घडीला त्यांचे चूक नव्हते. शहराकडे निघालेली कित्येक माणसे वाटेतच उडत्या लाकडांनी मेली. चूक त्याआधी आठ-दहा तासांची होती. पहाटे पाणी वाऱ्याविरुद्ध चढताना त्यांनी पाहिले, तेव्हा पूल शाबूत होते, रस्ते कोरडे होते, आणि आजारी बाईला गाडीत निजवून मध्यवस्तीतल्या एखाद्या पक्क्या इमारतीत हलवणे सहज शक्य होते. घरात कोणी आजारी असले, गरोदर असले, अंथरुणाला खिळलेले असले, की त्यांना हलवू नये असे घरच्यांना वाटते. त्रास होईल, इथेच बरे. वादळाच्या बाबतीत हा हिशेब अगदी उलटा मांडावा लागतो. ज्याला शेवटच्या तासात धावता येणार नाही, त्याने सगळ्यांच्या आधी निघायचे. दिवस भरत आलेली गरोदर स्त्री, डायलिसिसवरचा रुग्ण, ऑक्सिजन लागणारे आजोबा, पक्षाघात झालेली आजी, यांची व्यवस्था पहिला इशारा आला की त्याच दिवशी, रुग्णालयाजवळच्या उंच जागी करायची असते. १९०० मध्ये हे कोणी लिहून ठेवलेले नव्हते.

साडेसातच्या सुमारास क्लाइन अर्धवट उघड्या दारात उभे राहून पाण्याचा वेग पाहत होते. घरात तेव्हा आठ इंच पाणी होते. काही सेकंदांत ते चार फुटांनी चढले. हलायलाही वेळ मिळाला नाही, पाणी कमरेच्या वर गेले. आता जमिनीपासून १० फूट आणि समुद्रसपाटीपासून १५.२ फूट पाणी होते, हे त्यांनी नंतर अहवालात मांडले. घर बुडत असताना हा माणूस पाणी मोजत होता. पुढच्या तासाभरात ते आणखी जवळजवळ पाच फूट चढले. सगळे वरच्या मजल्यावर गेले. शहरात अनेक घरांमध्ये लोक कुऱ्हाडीने स्वतःच्याच घराची जमीन फोडत होते, पाणी आत येऊ द्यावे म्हणजे घर पायावरून उचलले जाणार नाही, या आशेने.

क्लाइन यांचे घर वाऱ्याने पाडले नाही. वाऱ्यापुरता त्यांचा हिशेब बरोबरच होता. समुद्राकडची घरे एकामागून एक मोडली, त्यांचे अवशेष वाहत येऊन या घराच्या अंगाला टेकले, आणि प्रत्येक लाटेसरशी ते भिंतीवर घणासारखे आदळू लागले. त्यात किनाऱ्यावरच्या ट्रामच्या लाकडी पुलाचा एक प्रचंड लांब तुकडा रुळांसकट तरंगत आला. पाण्याची घनता हवेच्या सुमारे ८०० पट. ताशी ८ किलोमीटरने, म्हणजे झपझप चालणाऱ्या माणसाच्या वेगाने सरकणारे पाणी भिंतीवर जो दाब देते, तो देण्यासाठी वाऱ्याला ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास वाहावे लागेल. त्या पाण्यात ओंडके, छपरे, रूळ असतील तर कोणते लाकडी घर तग धरणार? साडेआठला घर कलंडले.

खोली उलटत असताना जोसेफने दोन्ही मोठ्या मुलींचे हात धरले आणि पाठीने खिडकी फोडून तो बाहेर पडला. क्लाइन, कोरा आणि धाकटी एस्थर पाण्याखाली गेली. तुळयांमध्ये चेंगरून क्लाइन यांची शुद्ध हरपली. भानावर आले तेव्हा ते पाण्याच्या वर होते आणि एस्थर त्यांच्या हाताला लागली. कोरा वर आली नाही. काही मिनिटांनी जोसेफ आणि मोठ्या मुली सापडल्या. मग तीन तास ते सगळे मोडक्या घरांच्या तराफ्यावर तरंगत राहिले, वाऱ्याकडे पाठ करून, मुलींना पुढे घेऊन, पाठीशी फळ्या ढालीसारख्या धरून. वाटेत एक बाई आणि एक मूलही त्यांनी वर ओढून घेतले. आधी वाऱ्याने त्यांना समुद्राकडे नेले असावे, कारण दोन तास एकही घर दिसले नाही. मग वारा फिरला, आग्नेय-दक्षिणेकडून वाहू लागला आणि तराफा शहराकडे परतला. परतताना ज्या तराफ्याने त्यांना तारले, त्याच्याच धडकेने वाटेतली काही घरे मोडली. साडेअकराच्या सुमारास ते एका उभ्या घरात चढले. निघाले तिथून ती जागा फक्त ३०० यार्डांवर होती.

त्याच संध्याकाळी शहराच्या पश्चिमेला, समुद्रकाठच्या सेंट मेरीज अनाथालयात जोगिणींनी कपडे वाळत घालायच्या दोरीने मुलांना स्वतःच्या कमरेला बांधले होते, कोणी सुटून वाहून जाऊ नये म्हणून. दहाही जोगिणी आणि ९० मुले गेली. मोठे तीन मुलगे वाचले. घरात थांबून वादळ काढायचे म्हणजे एकमेकांना घट्ट धरून राहायचे, ही माणसाची सहजप्रवृत्ती आहे. वाऱ्यात ती उपयोगी पडते, पण पाणी चढू लागल्यावर तोच बांध सगळ्यांना एकदम खाली ओढतो.

गॅल्व्हेस्टनमध्ये नेमकी किती माणसे गेली हे कधीच कळले नाही. सहसा ८,००० हा आकडा दिला जातो. अंदाज ६,००० पासून १२,००० पर्यंत जातात. ३,६०० च्या वर घरे नष्ट झाली. अमेरिकेच्या इतिहासात एका नैसर्गिक आपत्तीत इतकी माणसे त्याआधी किंवा नंतर मेलेली नाहीत. इतक्या मृतदेहांचे करायचे काय, हा प्रश्न दुसऱ्याच दिवशी उभा राहिला. शेकडो मृतदेह पडावांतून समुद्रात नेऊन सोडले. ते लाटांबरोबर किनाऱ्यावर परत आले. मग ठिकठिकाणी चिता रचल्या आणि त्या कित्येक आठवडे जळत राहिल्या. मृतदेहांमुळे साथ पसरेल ही भीती त्यामागे होती. ही भीती आजही प्रत्येक आपत्तीत डोके वर काढते आणि घाईघाईने, ओळख न पटवता सामूहिक अंत्यसंस्कार होतात. आघाताने किंवा बुडून मेलेल्या माणसांच्या देहांमुळे सहसा साथ येत नाही. साथ येते ती जिवंत माणसांच्या गर्दीत, घाण पाण्यामुळे. क्लोरिनच्या गोळ्या, उकळलेले पाणी, जखम स्वच्छ धुणे आणि धनुर्वाताची लस यांना त्या दिवसांत खरी किंमत असते. उबदार समुद्राच्या पाण्यात असे काही जिवाणू असतात, की साध्या ओरखड्यातून शिरून मधुमेही किंवा यकृताच्या रुग्णाचा पाय दोन दिवसांत सडवू शकतात.

अमेरिकन रेड क्रॉसच्या क्लारा बार्टन ७८ व्या वर्षी मदतीला गॅल्व्हेस्टनला आल्या. क्लाइन जखमी होते, पण कामावर परतले. २३ सप्टेंबरला त्यांनी खात्याला सविस्तर अहवाल लिहिला. दाब, वारा, पाण्याची उंची, वेळा, सगळे त्यात नीट मांडले आहे. वाऱ्याचा वेग मोजणारे यंत्र सव्वासहाच्या सुमारास उडून गेल्याने त्यापुढच्या वेगाची नोंद नाही. पत्नीच्या मृत्यूची नोंद त्यांनी एका वाक्यात उरकली. अहवालावर सही करताना कोरा कुठे आहे हे त्यांना माहीत नव्हते. ३० सप्टेंबरला ढिगारे उपसणाऱ्यांना ती सापडली, ज्या अवशेषांवर बसून तिचे कुटुंब वाचले त्यांच्याच खाली. बोटातल्या अंगठीवरून ओळख पटली.

१९०१ मध्ये त्यांची बदली न्यू ऑर्लिन्सला झाली. आखाताच्या किनारपट्टीचा अंदाज आता त्यांच्याकडे होता. पुढच्या ३४ वर्षांत त्यांनी एका गोष्टीचा पिच्छा सोडला नाही: पाणी. वादळ येण्याच्या कितीतरी आधी किनाऱ्यावर पोहोचणाऱ्या लाटा काय सांगतात, भरतीच्या नोंदींवरून वादळाचे केंद्र कुठे येईल हे कसे ओळखावे, केंद्राच्या कोणत्या बाजूला पाणी सर्वाधिक चढते, याची त्यांनी वादळामागून वादळ घेऊन मांडणी केली. १९२६ मध्ये चक्रीवादळांवरचा त्यांचा ग्रंथ निघाला. चक्रीवादळात माणसांना मुख्यतः वारा मारतो अशी तोपर्यंत सर्वसाधारण समजूत होती. मारते ते उधाण, असे क्लाइन आकड्यांनिशी सांगत राहिले. १९६३ ते २०१२ या ५० वर्षांतल्या अमेरिकेच्या नोंदी तपासल्या तेव्हा चक्रीवादळातल्या थेट मृत्यूंपैकी सुमारे ९० टक्के पाण्याने झाले होते, आणि त्यांतले निम्मे वादळी उधाणाने.

२९ सप्टेंबर १९१५ रोजी लुइझियानावर मोठे वादळ आले. या वेळी सखल किनाऱ्यावर आधीच निरोप गेले होते: निघा. २७५ माणसे गेली, बहुतेक अशी की ज्यांनी निघायला नकार दिला. हे मृत्यू कमी नाहीत, पण बाकीची वस्ती हलली होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गॅल्व्हेस्टनलाही वादळाने गाठले. तोवर तिथे १७ फूट उंचीची समुद्रभिंत उभी राहिली होती, आणि २,००० हून अधिक इमारती जॅक लावून उचलून त्यांच्याखाली समुद्रातली वाळू भरून आख्ख्या शहराची जमीन वर आणली होती. भिंतीच्या आतल्या शहरात मृत्यू मोजके झाले.

कोकणात ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आले. लोकांना आठवतात ते उडालेले पत्रे, आडव्या झालेल्या पोफळी आणि महिनाभर नसलेली वीज. म्हणजे आठवण वाऱ्याची आहे, आणि वाऱ्यासाठीची तयारी म्हणजे पत्रे बांधणे, खिडक्यांना फळ्या ठोकणे, खिडकी नसलेल्या मधल्या खोलीत बसणे. हे सगळे करावेच. रोजच्या औषधांचा दोन आठवड्यांचा साठा, इन्सुलिन थंड ठेवायची सोय, जनरेटर घराबाहेर, कारण बंद जागेत त्याचा धूर वादळानंतर माणसे मारतो, हेही आलेच. पण आधी एक प्रश्न विचारायचा असतो, आणि तो घराच्या भिंतींबद्दलचा नसतो: हे घर भरतीच्या रेषेपासून किती उंच आहे? खाडीकाठच्या सखल जागेवरचा नवाकोरा स्लॅबचा बंगला वाऱ्याला भारी पडेल; तळमजल्यावर झोपवलेल्या आजीला मात्र टेकडीवरची जुनी शाळाच बरी. ओडिशात १९९९ च्या महावादळाने सुमारे १०,००० माणसे घेतली. २०१३ मध्ये फायलिन आले तेव्हा जवळपास १० लाख लोकांना आधीच हलवले होते, आणि मृतांचा आकडा पन्नासच्या आत राहिला. घरे काही १४ वर्षांत तितकी पक्की झाली नव्हती.

क्लाइन १९३५ मध्ये निवृत्त झाले. न्यू ऑर्लिन्सच्या जुन्या फ्रेंच वस्तीत त्यांनी चित्रांचे आणि जुन्या कलावस्तूंचे दुकान काढले. चित्रे जमवण्याचा नाद त्यांना आधीपासून होता. १९४५ मध्ये त्यांनी आत्मचरित्र छापले. पुढच्याच वर्षी जोसेफनेही स्वतःच्या आठवणींचे पुस्तक काढले, आणि त्या संध्याकाळी घर सोडावे असे आपण म्हणत होतो हे त्यात नोंदवले. १८९१ च्या लेखाची मात्र आयझॅक यांनी कधी उघड कबुली दिल्याचे दिसत नाही. ३ ऑगस्ट १९५५ रोजी, वयाच्या ९३ व्या वर्षी, न्यू ऑर्लिन्समध्ये त्यांचे निधन झाले. कोराची कबर गॅल्व्हेस्टनमध्ये आहे.